दुसऱ्या दिवशी पुन्हा सॅडलवर : मदतनिधीसाठीच्या लांब सायकल फेरीची तयारी

एखाद्या रुग्णालयासाठी, शाळेसाठी किंवा एखाद्या आजारावरील संशोधनासाठी निधी उभा करायचा आणि त्यासाठी शेकडो किलोमीटर सायकल चालवायची, ही पद्धत आता जगभर रुजली आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बिली स्टार यांनी १९८० साली ३६ सायकलस्वारांना सोबत घेऊन सुरू केलेल्या ‘पॅन-मास चॅलेंज’ या फेरीने बोस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेसाठी आजवर १०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमवली आहे. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस हे सुमारे ८७७ किलोमीटरचे अंतर सात दिवसांत पार करणारी ‘एड्स/लाइफसायकल’ ही फेरी २०२५ पर्यंत चालू होती. आपल्याकडे अशा उपक्रमांसाठी पुणे ते गोवा हा मार्ग अनेक गटांना जवळचा वाटतो, म्हणून या लेखात तोच उदाहरणादाखल घेतला आहे.

अशा फेरीत येणारी माणसे बहुधा शर्यतीतली नसतात. बँकेत नोकरी करणारे, शिक्षक, डॉक्टर, पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ, मुले मोठी झाल्यावर पुन्हा सायकलकडे वळलेल्या स्त्रिया असे सगळे त्यांत असतात. त्यांनी नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून, कार्यालयातील सहकाऱ्यांकडून स्वतःच्या शब्दावर देणगी घेतलेली असते. त्यामुळे ही तयारी केवळ वैयक्तिक हौस राहत नाही. ती लोकांनी टाकलेल्या विश्वासाची जबाबदारी होते, आणि ती त्याच गांभीर्याने करावी असे मला मनापासून वाटते. त्याच कारणाने प्रवासाचा, मुक्कामाचा आणि गाडीचा खर्च देणगीच्या पैशांतून करू नये. तो आपण स्वतः उचलावा, देणगी शक्यतो थेट संस्थेच्या खात्यात जमा व्हावी आणि प्रत्येक देणगीदाराला संस्थेची पावती मिळावी.

तयारीबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा, की ती एका मोठ्या दिवसासाठी करायची असते. एका दिवसात दीडशे किलोमीटर सायकल चालवणे पुष्कळांना निव्वळ जिद्दीवर निभावून नेता येते. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मांड्या जड झालेल्या, बैठकीची जागा दुखरी आणि झोप अपुरी असताना पुन्हा सॅडलवर बसून सहा-सात तास काढणे जिद्दीने साधत नाही. त्यासाठी शरीरात काही बदल आधीच घडलेले असावे लागतात, आणि ते बदल घडायला महिने लागतात. ते बदल नेमके कोणते आणि ते कसे घडवायचे, एवढाच या तयारीचा खरा विषय आहे.

मार्ग काय मागतो

सातारा, कोल्हापूर आणि आंबोली या मार्गाने पुणे ते पणजी हे अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर भरते. चार दिवसांची सोयीची विभागणी करायची तर पहिल्या दिवशी खंबाटकी घाट चढून साताऱ्यावरून कऱ्हाडपर्यंत सुमारे १६० किलोमीटर, दुसऱ्या दिवशी कोल्हापूर ओलांडून निपाणीपर्यंत ११५ च्या आसपास, तिसऱ्या दिवशी उत्तूर आणि आजऱ्यावरून आंबोलीपर्यंत ८० ते ८५, आणि चौथ्या दिवशी घाट उतरून सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा या वाटेने पणजीपर्यंत साधारण ९० किलोमीटर होतात.

अंतराच्या हिशेबाने पहिला दिवस सर्वांत कठीण दिसतो. मात्र अनुभव बहुधा वेगळा येतो. पहिल्या दिवशी अंग ताजे असते आणि उत्साह असतो. तिसरा दिवस अंतराने सर्वांत लहान असला, तरी तो दोन दिवसांच्या थकव्यानंतर येतो आणि निपाणी सोडल्यावर रुंद महामार्ग संपून चढ-उतारांचा रस्ता सुरू होतो. आंबोलीचे नाव ऐकून अनेक जण घाट चढण्याचा धसका घेतात. पुण्याहून जाताना आंबोलीचा घाट चढायचा नसून उतरायचा असतो, आणि उतरण्याचे कौशल्य निराळे असते. त्याकडे पुढे वळू.

शरीरात काय बदलावे लागते

सायकल चालवताना स्नायू मुख्यतः दोन प्रकारचे इंधन जाळतात. एक म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, जिला ग्लायकोजेन म्हणतात, आणि दुसरे म्हणजे चरबी. ग्लायकोजेन म्हणजे गल्ल्यातली रोकड आणि चरबी म्हणजे बँकेतली मुदत ठेव, असे समजायला हरकत नाही: रोकड लगेच हाताशी येते पण थोडी असते, ठेव भरपूर असते पण ती सावकाश मोडावी लागते. सर्वसाधारण माणसाच्या शरीरात ग्लायकोजेनच्या रूपाने जेमतेम २००० किलोकॅलरी साठवता येतात. ताशी २० किलोमीटरच्या वेगाने १६० किलोमीटर जायला आठ तास लागतात, आणि दर तासाला ४०० ते ५०० किलोकॅलरी खर्च झाल्या, तर दिवसाचा खर्च सव्वातीन ते चार हजारांच्या घरात जातो. म्हणजे साखरेचा साठा संपूर्ण वापरला तरी तो साधारण अर्ध्या वाटेपर्यंतच पुरतो. तो संपला की पाय एकाएकी गळतात, डोके बधिर होते, चिडचिड वाढते आणि समोरचा साधा चढही अशक्य वाटू लागतो.

इथेच सरावाचे काम सुरू होते. आठवड्यामागून आठवडे सावकाश आणि दीर्घ काळ सायकल चालवली, की स्नायूंच्या पेशींतील मायटोकाँड्रिया, म्हणजे ऑक्सिजनच्या साहाय्याने इंधन जाळणारे सूक्ष्म घटक, वाढतात. स्नायूंभोवती केशवाहिन्यांचे जाळे अधिक दाट होते. रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. या सर्वांचा परिणाम असा, की त्याच वेगाने जाताना शरीर चरबीचा वाटा अधिक घेते आणि साखर जपून वापरते. दुसऱ्या दिवशी सकाळी पायांत जीव असणे हे बऱ्याच अंशी आदल्या दिवशी किती साखर शिल्लक राहिली, किती नव्याने भरली गेली आणि स्नायूंना किती इजा झाली, यांवर ठरते.

मात्र शरीराचे सगळे भाग एकाच गतीने तयार होत नाहीत, ही गोष्ट नवख्यांना सहसा कोणी सांगत नाही. हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांतच सुधारते. गुडघ्याभोवतीचे कंडरे आणि अस्थिबंध यांना रक्तपुरवठा कमी असल्यामुळे ते फार सावकाश बळकट होतात. त्यामुळे दीड महिन्याच्या सरावानंतर दम टिकतो, उत्साह वाढतो, माणूस अचानक अंतर दुप्पट करतो, आणि गुडघा धरतो. दम आपल्याला पुढे जाण्याची परवानगी देत असला, तरी गुडघ्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, हे तयारीच्या मधल्या काळात सतत ध्यानात ठेवावे.

सोळा आठवड्यांचा आराखडा

आज २५-३० किलोमीटर सहज सायकल चालवू शकणाऱ्या निरोगी माणसाला अशा फेरीसाठी साधारण सोळा आठवडे हवेत. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकाराचा स्वतःचा अथवा घरातला इतिहास असलेल्यांनी सुरुवातीलाच डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. सरावात छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर पुढचा सराव तपासणीनंतरच करावा.

फेरी जानेवारीत असेल तर सराव सप्टेंबरमध्ये सुरू होतो, म्हणजे गणपती, नवरात्र आणि दिवाळी हे सण या आराखड्याच्या आसपास किंवा मध्येच येतात. सणांशी भांडून कोणताही आराखडा टिकत नाही. सरावात तीन आठवडे भार वाढवून चौथ्या आठवड्यात तो जवळजवळ निम्म्यावर आणायचा असतो, कारण शरीर बळकट होते ते विश्रांतीच्या काळात. तेव्हा दिवाळीचा आठवडा हाच हलका आठवडा धरून मागची-पुढची आखणी करावी. फराळही होतो आणि सरावही बिघडत नाही.

आठवड्यातून चार दिवस पुरेसे असतात. कामाच्या दिवसांत दोनदा तास-सव्वा तास, आणि शनिवार-रविवारी लांबची सायकल. रविवारचे अंतर ४० पासून सुरू करून हळूहळू ६०, ८०, १०० असे वाढवत ११०-१२० पर्यंत न्यावे. पूर्ण १६० किलोमीटर आधी करून पाहण्याची गरज नसते. सर्वांत मोठ्या दिवसाच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश अंतर सरावात सहज झाले, की उरलेले फेरीच्या दिवशी होते. त्याहून कितीतरी महत्त्वाचे आहे ते लागोपाठच्या दोन दिवसांचे ओझे. नवव्या-दहाव्या आठवड्यापासून शनिवारी ७० आणि रविवारी ६०, पुढे शनिवारी ९० आणि रविवारी ८०, आणि शेवटच्या मोठ्या टप्प्यात शनिवारी ११० व रविवारी ९० अशी जोडी साधावी. या लेखातील एकच सूचना पाळायची ठरवली, तर ती हीच पाळावी. शनिवारी रात्री काय खाल्ले, किती झोपलो, कपडे धुतले की नाही, सॅडलवर बसल्यावर पहिला अर्धा तास कसा गेला, या सर्व गोष्टी रविवारी सकाळी जितक्या स्पष्ट कळतात तितक्या एकट्या लांब राईडमध्ये कधीच कळत नाहीत.

किती जोराने चालवावे, हा प्रश्न अंतराइतकाच महत्त्वाचा आहे. नॉर्वेत काम करणारे अमेरिकी संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाच्या दीर्घपल्ल्याच्या खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचा साधारण ८० टक्के सराव सोप्या तीव्रतेचा आणि फक्त २० टक्के कठीण असल्याचे आढळले. हौशी सायकलस्वार नेमके उलट करतात: ते रोज मध्यम कठीण वेगाने जातात, त्यामुळे थकवा साचतो आणि सहनशक्ती मात्र अपेक्षेइतकी वाढत नाही. सोपे म्हणजे किती, हे ओळखायला यंत्र लागत नाही. सायकल चालवताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत, मध्ये धाप न लागता बोलता आले, तर वेग योग्य आहे. हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ असेल तर उत्तम, पण २२० मधून वय वजा करून मिळणारा कमाल ठोक्यांचा आकडा ढोबळ असतो आणि प्रत्यक्षात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडू शकतो, म्हणून त्यावर फार विसंबू नये. आठवड्यातल्या एका छोट्या राईडमध्ये चार-पाच मिनिटांचे तीन-चार कठीण टप्पे घ्यावेत, एवढी तीव्रता पुरते.

पुणेकरांना खडकवासला ते पानशेत हा रस्ता आणि सिंहगडाचा चढ हाताशी आहेत. नागपूरसारख्या सपाट मुलुखात राहणाऱ्यांनी निराश होऊ नये. समोरच्या वाऱ्याविरुद्ध तासभर सायकल चालवणे आणि उड्डाणपुलावर जड गिअरमध्ये बसून पुन्हा पुन्हा चढणे यांनीही चढाचे काम बऱ्यापैकी होते. लांब अंतराच्या शिस्तीची चव आधीच घ्यायची असेल, तर ऑडॅक्स इंडिया या संस्थेच्या नियमांनुसार होणारी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची सायकल फेरी, हा चांगला मार्ग आहे. ती साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते, तिथे क्रमांक दिले जात नाहीत, आणि मदतीवाचून स्वतःचे स्वतः निभावण्याची सवय लागते. नोकरी-व्यवसाय सांभाळून असे काही होते का, असे विचारणाऱ्यांना नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू आठवावेत. दोघेही डॉक्टर, २०१५ मध्ये त्यांनी सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पूर्ण केली.

बैठक, हात आणि गुडघे

लांब फेरी अर्धवट सोडणाऱ्यांची फुप्फुसे क्वचितच हरतात. बहुतेक वेळा बैठक, तळहात किंवा गुडघे हरतात. सायकलच्या मापाकडे म्हणूनच सरावाइतके लक्ष द्यावे. सॅडलची उंची ठरवण्याची सोपी रीत अशी: टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेले असता पाय सरळ व्हावा, म्हणजे प्रत्यक्ष चालवताना चवडा पेडलवर आल्यावर गुडघ्यात थोडा बाक राहतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सॅडल बहुधा खाली असते, मागच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा वर. बदल करायचा तो एका वेळी काही मिलिमीटरचाच करावा आणि पुढच्या दोन-तीन राईडनंतर त्याचा परिणाम पाहावा.

करंगळी आणि अनामिका बधिर होणे ही दुसरी नेहमीची तक्रार आहे. तळहाताच्या कडेतून जाणारी अल्नर नावाची नस हँडलवर सतत दाबली गेल्याने ती होते. हँडल थोडे वर किंवा जवळ घेणे, हातांची जागा दर काही मिनिटांनी बदलणे, जाड हातमोजे घालणे आणि पोट-पाठीचे स्नायू बळकट करून हातांवरचा भार कमी करणे, हे त्यावरचे उपाय आहेत. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे प्लँक, बैठका आणि पुलासारखे कंबर उचलण्याचे व्यायाम केले, तर त्याचा लाभ तिसऱ्या दिवशी ठळकपणे जाणवतो.

बैठकीबाबत स्पष्ट बोलायला लोक संकोचतात, आणि संकोचामुळेच त्रास वाढतो. रुंद, मऊ, जेलचे सॅडल दुकानात सुखाचे वाटते, पण लांब अंतरात शरीर त्यात रुतते आणि घर्षण वाढते. बसण्याच्या दोन हाडांना नीट आधार देणारे, योग्य रुंदीचे, काहीसे घट्ट सॅडल अधिक सुखाचे ठरते. पॅडची शॉर्ट्स आतल्या कपड्यांशिवाय घालायची असते, कारण शिवणीच त्वचेला घासतात. घासणाऱ्या जागी पेट्रोलियम जेली लावावी, राईड संपताच ओले कपडे बदलून अंग धुवावे आणि चार दिवसांसाठी किमान दोन, शक्य तर तीन शॉर्ट्स न्याव्यात. पुरळ एकदा फुटून जखम झाली, की त्यावर बसून बरी होत नाही.

खाणे, पाणी आणि मीठ

शरीर तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदके पचवून वापरू शकते. सरावाने आणि वेगवेगळ्या प्रकारच्या साखरा एकत्र घेतल्याने ते प्रमाण आणखी वाढते. हौशी माणसाने तासाला ४० ते ६० ग्रॅमचे लक्ष्य ठेवावे. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके असतात. त्याच्या जोडीला राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, खजूर किंवा गुळाचा खडा घेतला की तासाचा हिशेब जमतो. महागड्या एनर्जी जेलवाचून काही अडत नाही. पण पहिल्या तासापासून, भूक लागण्याआधीच खायला सुरुवात करावी, आणि फेरीत जे खायचे तेच सरावातही खावे, कारण चालत्या सायकलवर पचवण्याची सवय आतड्यांनाही लावावी लागते. कोल्हापुरात दुपारी पोहोचल्यावर तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा मोह होणे साहजिक आहे, पण पुढे निपाणीपर्यंतचे अंतर बाकी असताना तिखट, तेलकट आणि भरपेट जेवण पोटात ठेवून चालवणे त्रासाचे होते.

संध्याकाळच्या खाण्याला मी दिवसभराच्या खाण्याइतकेच महत्त्व देतो. राईड संपल्यावर पहिल्या काही तासांत स्नायू साखर सर्वांत वेगाने साठवतात. म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर गप्पांत वेळ न घालवता तासाभरात वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १ ग्रॅम कर्बोदके आणि त्यासोबत थोडी प्रथिने मिळतील असे काही खावे. दहीभात आणि केळे, किंवा दुधासोबत उपमा चालेल. मग रात्री वरण-भात, पोळी, भाजी, उसळ असे नेहमीचे जेवण भरपूर घ्यावे. रिकामा झालेला ग्लायकोजेनचा साठा पुन्हा भरायला चोवीस तासांपर्यंत वेळ लागतो, आणि आपल्या हातात जेमतेम चौदा-पंधरा तास असतात.

पाण्याचे प्रमाण प्रत्येकाचे वेगळे असते आणि ते घरच्या वजनकाट्यावर काढता येते. तासभराच्या राईडआधी आणि नंतर अंग पुसून वजन करावे. १ किलो घट म्हणजे साधारण १ लिटर घाम, त्यात मधल्या काळात प्यायलेले पाणी मिळवावे. बहुतेकांना तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागते. घामातून सोडियमही जाते. निव्वळ पाणी मात्र अति प्यायले, तर रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, आणि त्याची मळमळ, डोकेदुखी व गोंधळलेपण ही लक्षणे पाणी कमी पडल्यासारखीच भासतात, त्यामुळे माणूस आणखी पाणी पितो. म्हणून दोन बाटल्यांपैकी एकीत ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत ठेवावे.

चौथ्या दिवशी याला विशेष महत्त्व येते. घाटमाथ्यावरची हवा जानेवारीत गार आणि कोरडी असते, तिथे घाम झटकन उडतो आणि शरीर थंड राहते. सावंतवाडीपासून पुढे हवा दमट होते. घाम येतो पण उडत नाही, आणि तो उडाला नाही तर शरीराची उष्णता बाहेर जात नाही. दमट उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, ते पुणेकराजवळ नसतात. वेग कमी करणे, डोक्यावर-मानेवर पाणी ओतणे आणि ऊन चढण्याआधी जास्तीत जास्त अंतर कापणे, एवढेच त्याच्या हातात असते.

चढ, उतार आणि महामार्ग

चढावर गिअर कसे वाचवतात, हे एका हिशेबाने कळते. पुढचे आणि मागचे चक्र दोन्ही ३४ दात्यांचे असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक एकदा फिरते आणि सायकल सुमारे २.१ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्यांनी ताशी साडेसात किलोमीटरचा वेग मिळतो, जो घाटात अगदी योग्य आहे. पुढे ३९ आणि मागे २५ दाते असतील, तर ताशी आठच्या वेगाला मिनिटाला जेमतेम ४० फेरे पडतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर कितीतरी अधिक जोर. खंबाटकी पहिल्याच दिवशी येतो, आणि तिथे खर्ची पडलेल्या गुडघ्यांवर पुढचे तीन दिवस काढायचे असतात. हलक्या गिअरची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, बसवून घेणे हा नव्या सायकलपेक्षा पुष्कळ शहाणपणाचा खर्च आहे.

सपाटीवर शत्रू असतो तो वारा. वेग २० वरून ३० केला, तर तो दीडपट झाला असे वाटते, पण हवेवर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढून सुमारे ३.४ पट होते. दुसऱ्याच्या मागे राहिल्याने ही मेहनत बरीच वाचते. पण चाकाला चाक लावून जाण्याचा सराव नसलेल्या गटात तो मोह टाळावा आणि किमान दोन सायकलींचे अंतर राखावे.

आंबोली उतरताना दोन्ही ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत; त्याने रिम किंवा डिस्क तापते आणि हात थकतात. वळणाआधी सरळ रस्त्यावर ठामपणे वेग कमी करावा, मग ब्रेक सोडून वळण घ्यावे, आणि नजर खड्ड्यावर न खिळवता वळणाच्या पुढे ठेवावी. पहाटे धुके आणि दव असते, त्यामुळे थोडे उशिरा निघालेले बरे.

हिवाळ्यातील या मार्गाची एक खूण म्हणजे ऊस. सातारा ते कोल्हापूर या पट्ट्यात गाळप हंगाम जोरात असतो, आणि उसाने भरलेल्या, एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर महामार्गावरून संथपणे जातात. अनेकांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो आणि उसाची टोके बाहेर डोकावत असतात. त्यांच्या मागे राहू नये, ओलांडताना मागून येणारे वाहन दोनदा पाहावे, आणि कडेला पडलेल्या उसाच्या कांड्यांवर चाक जाणार नाही याकडे लक्ष ठेवावे. उड्डाणपुलांच्या तोंडाशी सेवा रस्त्याकडे वळणारी वाहने डावीकडे कापत येतात, तिथेही सावध राहावे. हेल्मेट, मागचा लाल दिवा दिवसाही चालू, उठून दिसणारे जॅकेट आणि एकामागे एक चालणे यांत सूट देऊ नये. सूर्यास्तानंतर चालवायचे नाही, हे आधीच ठरवून टाकावे.

शेवटचे दोन आठवडे आणि सपोर्ट व्हॅन

सर्वांत मोठी शनिवार-रविवारची जोडी फेरीच्या दोन ते तीन आठवडे आधी संपवावी. नंतर अंतर निम्म्यावर आणावे, मात्र थोडी तीव्रता टिकवावी, म्हणजे पाय सुस्तावत नाहीत. या काळात ‘आपण मागे पडतो आहोत’ अशी हुरहुर लागते आणि माणूस एक शेवटची लांब राईड करून बसतो. त्या राईडने क्षमता वाढत नाही, फक्त थकवा सोबत येतो. सायकलचे सर्व्हिसिंग, नवे टायर, नवी शॉर्ट्स हे सगळे निदान पंधरा दिवस आधी आणून वापरून पाहावे, आणि पंक्चर स्वतः काढता येते याची खात्री करून घ्यावी.

मदतीसाठी सोबत असलेल्या सपोर्ट व्हॅनमध्ये बसणे म्हणजे हार, अशी भावना अशा गटांत हमखास असते, आणि ती मला घातक वाटते. देणगीदाराने पैसे रुग्णांसाठी किंवा मुलांसाठी दिलेले असतात, किलोमीटरसाठी नव्हे. मधले तीस किलोमीटर गाडीतून गेल्याने त्या पैशांचे मोल घटत नाही. थकून बसलेला माणूस बहुधा दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकलवर येतो. ताणून नेलेला गुडघा मात्र पूर्ण फेरी हिरावून घेतो. म्हणून सर्वांनी मिळून काही खुणा आधीच ठरवाव्यात: प्रत्येक फेऱ्याला बोचणारे आणि वाढत जाणारे सांध्याचे दुखणे, उन्हात अंगावर काटा किंवा थंडी वाजणे, उलट्या, असंबद्ध बोलणे, सरळ रेषेत सायकल न राहणे, छातीत दडपण. यांपैकी शेवटचे लक्षण दिसले किंवा बोलण्यात गोंधळ आढळला, तर व्हॅन मुक्कामाकडे न नेता थेट जवळच्या रुग्णालयात न्यावी. आणि अशा अवस्थेत ‘मी ठीक आहे’ हे रुग्णाचे म्हणणे ग्राह्य धरायचे नाही, निर्णय व्हॅनमधील जबाबदार व्यक्तीचा राहील, हे पुण्याहून निघण्यापूर्वीच प्रत्येकाकडून मान्य करून घ्यावे.